जंगलाची झाडलोट

पाच वर्षं मी झाडांच्या गळलेल्या पानांवर संशोधन केलं आणि पाच वर्षांत एकदाही, ही पानं जातात कुठं, असं कुणाला विचारलं नाही. खरं तर हे वाक्य माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर यायला हवं होतं. त्याऐवजी तिथं ‘वनवृक्षांचा मृदेच्या आम्लतेवर होणारा परिणाम’ अशी सुरुवात असलेलं अडीच ओळींचं शीर्षक आहे. शीर्षक एका दमात वाचता आलं तर पीएच.डी. मिळत नाही, असा आमच्याकडं समज आहे.

मी चारुता. छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे खडू कॉलेजचा आणि घसा माझा. अकरा वर्षं झाली. कायम व्हायचं तर नावामागं डॉक्टर लागलं पाहिजे, आणि माझ्या नोंदणीची मुदत या मार्चच्या एकतीस तारखेला संपत होती. एक मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळत नाही. एकतीसच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि मी पुन्हा पहिल्या पायरीवर. माझे बाबा, सदाशिवराव, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुदतीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. त्यांनी दारावर लावायची ‘डॉ.’ची पाटी दिवाळीतच करून आणली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली. मी कपाटातून साडी काढायला गेले की ते सूचक खोकायचे.

विषय तसा साधा आहे. झाडाची पानं गळतात, कुजतात, मातीत मिसळतात, आणि मातीचा स्वभाव बदलतात. साग मुळांनी खोलवरचा चुना ओढतो आणि पानांवाटे वर आणून टाकतो, म्हणून त्याच्याखालच्या मातीचा आंबटपणा कमी होतो. नीलगिरीचं उलटं, तिचं पान कुजताना माती आंबट करतं. हा आंबटपणा मोजायच्या आकड्याला सामू म्हणतात. सात म्हणजे मधोमध. आकडा खाली गेला की आम्ल, वर चढला की विम्ल. शेतकऱ्यांना हे माती परीक्षणाच्या कागदामुळं माहीत असतं, आमच्या कॉलनीत कुणालाच माहीत नसतं. तिथं मी ‘मातीचं काहीतरी करते’ एवढंच प्रसिद्ध आहे.

कन्नडच्या पुढं, घाटाच्या अंगाला, वनखात्याची एक जुनी लागवड आहे. एका बाजूला साग, एका बाजूला नीलगिरी आणि मधे मोकळी जागा. मला हवं ते सगळं अर्ध्या एकरात हाताशी. प्रत्येकात मी चार-चार चौकोन आखले, मीटर बाय मीटर, चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या आणि भोवती सुतळी. दर दोन महिन्यांनी जायचं, चौकोनातली वरची चार बोटं माती घ्यायची, पिशवीत भरायची, चिठ्ठी लावायची. तिथले वनमजूर पुंजाराम यांच्यावर लागवडीची राखण होती. त्यांचं घर लागवडीला लागूनच असलेल्या शेतात. दगडाबाई त्यांच्या पत्नी. सहा शेळ्या, दीड एकर जमीन आणि नवरा असं सगळं त्याच बघायच्या.

पहिल्याच खेपेला, फेब्रुवारीत, मी सागाच्या वाळक्या पानांवरून घसरले. सागाचं पान पत्रावळीएवढं असतं आणि वाळलं की त्याखाली दगड आहे की खड्डा काही कळत नाही. मनगट मोडलं. पुंजारामकाकांनी मला मोटरसायकलवर बसवून कन्नडच्या दवाखान्यात नेलं, आणि दगडाबाई मागून शेजाऱ्याच्या जीपनं आल्या, हातात माझ्या सुटलेल्या चपला घेऊन. प्लास्टर होईस्तोवर मी काय काय बडबडले ते मला आठवत नाही. ‘एवढा कचरा कसा ठेवतात जंगलात’ असं काहीतरी म्हणाले असणार. दुखताना माणूस आपल्या विषयाबद्दलसुद्धा खरं बोलतो.

त्यानंतर मी नेहमी दोन दिवस आधी फोन करून जायची. तशी वनखात्याच्या परवानगीतच अट होती, आणि मला ते सोयीचंही होतं. आल्याबरोबर चहा तयार असायचा, पायवाट मोकळी असायची, चौकोनांच्या सुतळ्या ताठ असायच्या. मी ज्या भागात फिरायची तिथं पाचोळा फारसा दिसायचाच नाही. माझ्या वहीत पहिल्या वर्षाची नोंद आहे: ‘घाटावरच्या वाऱ्यामुळे पाचोळा टिकत नाही.’ चांगल्या अक्षरात आहे. त्यापलीकडच्या सागात घोट्याएवढा थर साचलेला असायचा, तिथं वारा का लागत नाही, हे मी विचारलं नाही. मनगट मोडल्यापासून मी त्या बाजूला फिरकलेच नव्हते.

आकडे मात्र बोलू लागले. पहिल्या वर्षी सागाखाली सात पूर्णांक चार, मोकळ्या जागेत सात, नीलगिरीखाली सहा पूर्णांक सहा. पुस्तकात असतं तसंच. दुसऱ्या वर्षी सागाचा आकडा खाली आला आणि नीलगिरीचा वर चढला. तिसऱ्या वर्षी आणखी. पाचव्या वर्षी सागाखाली सात पूर्णांक एक, नीलगिरीखाली सहा पूर्णांक नऊ आणि मोकळी जागा होती तिथंच. आलेखावर तीन रेघा भांडून वेगळ्या झालेल्या भावांसारख्या सुरू व्हायच्या आणि पुढं पुढं एकमेकींकडं सरकायच्या. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

माझे मार्गदर्शक विश्वजित चौसाळकर सर तो आलेख बघून खुर्चीतून उठले. सर खुर्चीतून सहसा उठत नाहीत. झाडांचं वय वाढेल तसा त्यांचा मातीवरचा प्रभाव ओसरतो, हा अगदी नवा विचार आहे, असं ते म्हणाले आणि त्यांनी त्याला नावही दिलं: प्रभावक्षय. दोन परिषदांत मी प्रभावक्षयावर बोलले. एका ठिकाणी टाळ्या पडल्या. मला वाटू लागलं की झाडंही माणसांसारखीच असतात, म्हातारपणी त्यांचं कुणी ऐकत नाही. हे वाक्य मी उपसंहारात घातलं होतं. सरांनी त्याखाली पेन्सिलनं ‘सुंदर’ लिहिलं होतं.

या जानेवारीत कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. प्राध्यापकांनी फेटे बांधायचे असं ठरलं तेव्हा मी पळ काढला. पुंजारामकाकांना शनिवारी येते म्हणून कळवलं होतं, ती शुक्रवारीच सकाळच्या एसटीनं निघाले. कन्नडला उतरून जीप धरली आणि दहाच्या सुमाराला लागवडीत पोचले.

दगडाबाई सागाखाली खराट्यानं झाडत होत्या. अंगण झाडावं तसं, कंबरेत वाकून, एका रेषेत मागं मागं सरत. पुंजारामकाका पाटीत पानं भरून नेत होते. माझ्या चौकोनाशी आल्यावर दगडाबाईंनी खराटा बाजूला ठेवला, गुडघ्यावर बसल्या आणि सुतळीच्या आतली पानं एक एक करून हातानं वेचू लागल्या. खराट्यानं खुंट्या हलल्या असत्या म्हणून.

मी हाक मारल्यावर त्या दचकल्या आणि लाजल्या. पाहुणा ओसरीवर येऊन उभा आणि घर अजून झाडायचं राहिलेलं, तसं त्यांना झालं. मी विचारलं, हे कधीपासून चाललंय.

“तुमी पडला न, तवापासून,” त्या म्हणाल्या. “हात मोडला तुमचा. म्या तवाच ठरिवलं, म्याडम आल्या की पायाखाली पान दिसलं नाय पायजे.”

फक्त मी यायच्या आधी का, असं मी विचारलं. तसं नाही, दर आठ दिवसांनी, कन्नडच्या बाजारादिवशी सकाळी, असं पुंजारामकाकांनी सांगितलं. म्याडम कवा येतील त्याचा काय नेम? फोन करून येतात ते खरं, पण मोठ्या माणसाचं मन. पाच वर्षांत एकच बाजार चुकला होता, दगडाबाईंच्या आईच्या दहाव्याला. तोही दगडाबाईंनी दुसऱ्या दिवशी भरून काढला.

मी तिथंच, झाडून लख्ख केलेल्या जमिनीवर बसले आणि रडले. मला सांगायला लाज वाटत नाही, चांगला अर्धा तास रडले. प्रभावक्षय म्हणजे खराटा होता. झाडं म्हातारी झाली नव्हती की माती त्यांचं ऐकेनाशी झाली नव्हती. झाडं दरवर्षी पानं टाकत होती आणि दगडाबाई दर आठवड्याला ती उचलत होत्या. माझ्या पायाला पान लागू नये म्हणून त्यांनी माझा अभ्यासाचा विषयच पाटीत भरून घरी नेला होता. आणि मला राग कुणाचा येत होता, तर वाऱ्याचा.

रडत रडत मी त्यांना सगळं सांगितलं. ती पानं कुजायला हवी होती, तेच तर मी बघायला येत होते. मार्चअखेर कागद दिले नाहीत तर सगळी वर्षं वाया. हे सांगायची काहीच गरज नव्हती. दगडाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुंजारामकाका मला जीपपर्यंत सोडायला आले, तेव्हा त्यांनी वाटेत गोठ्यामागचा खड्डा दाखवला. सगळी पानं ते शेळ्यांच्या अंगाखाली अंथरत होते, मग लेंड्यांसकट त्या खड्ड्यात. पाच वर्षांत काळं लोण्यासारखं खत झालं होतं. येत्या मे महिन्यात अर्धा एकर अद्रक लावायची, अद्रकीला असंच खत लागतं, दगडाबाईंच्या मनात चार वर्षांपासून आहे, असं ते म्हणाले. मी हूं म्हटलं. मला त्या क्षणी अद्रकीचं काही पडलेलं नव्हतं.

चौसाळकर सरांच्या घरी जाऊन मी हे सगळं एका दमात ओकले. त्यांच्या दोन परिषदा आणि एक प्रभावक्षय गेला होता. सरांच्या पत्नी पद्मजाकाकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला. मग सर हसायला लागले, आणि मला वाटलं आता हेही गेले.

“चारुता,” ते म्हणाले, “तू केलंस ते जगात लोक मुद्दाम करतात. पाचोळा काढून टाकला तर मातीचं काय होतं, हे बघायला परदेशात माणसं नेमतात, अनुदानं घेतात. तुझ्याकडे दगडाबाई आहेत.”

ते खरंच होतं. साग आणि नीलगिरी मुळांनी, फांद्यांवरून गळणाऱ्या पाण्यानं माती बदलतात की पानांनी, हा वाद जुना आहे. पानं काढली आणि दोन्ही आकडे सातकडं सरकले, म्हणजे करणारी पानंच. आलेख तोच, रेघा त्याच, फक्त अर्थ उलटा. झाडांचा प्रभाव ओसरत नव्हता. तो इतका खरा होता की एका खराट्यानं तो पुसता येत होता. पाच वर्षं, दर आठवड्याला, एकच खाडा, अशी शिस्त मला पगारी माणसांकडूनसुद्धा मिळाली नसती.

फक्त एक अडचण होती. हे सगळं मी स्वतः न बघता झालेलं, म्हणजे ऐकीव. बाहेरचे परीक्षक म्हणतील, कशावरून? सरांनी वाट काढली. आता शेवटची एक खेप करायची. झाडलेल्या चौकोनांचे फोटो घ्यायचे, आठवड्याभराची ताजी पडलेली पानं उचलून वजन करायचं, बाजूच्या न झाडलेल्या सागातून आणि नीलगिरीतून तुलनेला माती घ्यायची, आणि त्याच बारा चौकोनांतून शेवटचे नमुने. एवढं मिळालं की पाच वर्षांच्या आकड्यांना साक्ष मिळते. पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं, ‘पाचोळा नियमितपणे हटवण्यात आला.’ कर्मणी प्रयोग आहे, कुणी हटवला हे विचारायचं कारण नाही. आभाराच्या पानावर दगडाबाईंचं नाव घालायला सरांनी परवानगी दिली.

पुढचे चार आठवडे मी तीन प्रकरणं नव्यानं लिहिली. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. बाबांना सांगितलं, ते म्हणाले, मुदतीच्या आत होतंय ना, मग ठीक. दगडाबाईंना ही आनंदाची बातमी फोनवर द्यावी असं मनात आलं होतं. पण मी शहाणी झाले होते. फोन करून जाण्यानंच माझं वाटोळं केलं, आता आगाऊ वर्दी द्यायचीच नाही, जे असेल ते जसंच्या तसं बघायचं. संशोधकानं कसं असावं याबद्दल माझी मतं त्या काळात फार पक्की होती.

फेब्रुवारीच्या मध्याला, काटा, कॅमेरा, पिशव्या घेऊन मी न सांगता पोचले.

लागवड काळी झाली होती. सागाखाली, नीलगिरीखाली, जिथवर मी फिरायची तिथवर सगळीकडं चार बोटं खताचा थर, हातानं थापून सारखा केलेला. चौकोनांच्या सुतळ्या सोडून पुन्हा बांधल्या होत्या, आत खत भरून कडेकोपरे नीट बसवले होते. कुठलं सागाचं आणि कुठलं नीलगिरीचं हे आता देवालाही वेगळं करता आलं नसतं, त्यात सहा शेळ्यांच्या पाच वर्षांच्या लेंड्या. मधल्या मोकळ्या जागेवर, जिथं कधी एक पान पडलं नव्हतं, तिथंही तेवढंच खत घातलं होतं. कुणाला कमी पडायला नको म्हणून.

मी बाजूच्या सागाकडं बघितलं. निदान तिथली तुलनेची माती मिळेल. तिथला घोट्याएवढा थरही वरच्या मातीसकट खरवडून उचललेला होता, आणि पलीकडच्या नीलगिरीतलाही. खड्ड्यातलं पुरलं नाही म्हणून तिथून आणून वर पसरला होता.

दगडाबाई घरातून धावत आल्या. दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधल्या होत्या. मागून पुंजारामकाका आले आणि त्यांनी सांगितलं की तुम्ही गेल्या त्याच दिवशी हिनं पाटी उचलली. महिनाभर दोघं वाहत होतो, परवा संपलं. म्याडम बिचाऱ्या रडत गेल्या, हिच्या घशाखाली घास उतरेना. तुम्हाला मी फोन करणार होतो, पण ही म्हणाली, आल्या की बघतीलच.

गोठ्यामागचा खड्डा मी पाहिला. तळाचा मुरूमसुद्धा खरवडून काढला होता. आत दोन शेळ्या उभ्या होत्या.

मी अद्रकीचं विचारलं. आता मात्र मला त्याचं पडलं होतं.

“यंदा नाय लावत,” दगडाबाई म्हणाल्या. “अद्रक काय, पुढल्या सालीबी लावता यील. तुमचं साल पुढं जाऊन कसं चालंल? मार्चात कागद द्यायचे म्हनलात न तुमी.” आणि मग चिंध्या बांधलेला हात चौकोनाकडं करून त्यांनी विचारलं, “झालं न म्याडम, आता बराबर?”

पाच वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. चुकीचा अर्थ लावला असेल, पण खोटं एक टिंबसुद्धा नाही. मी त्यांच्याकडं बघून म्हणाले, “झालं, दगडाबाई. अगदी बरोबर झालं.”

त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिथं उभं राहवेना. नमुने घेतले नाहीत तर त्यांना संशय येईल म्हणून मी गुडघ्यावर बसले आणि बाराही चौकोनांतून एकेक पिशवी भरली, नीट चिठ्ठ्या लावल्या, तारीख घातली. खत खरोखर छान होतं, ओलसर, भुसभुशीत. हाताला गार लागत होतं. पुंजारामकाकांनी पिशव्या जीपमध्ये चढवल्या, दगडाबाईंनी त्या सांडू नयेत म्हणून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्यांच्याभोवती खोचला. जीप सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीला हात लावून विचारलं, पेढे कधी.

मी म्हणाले, एप्रिलात.